चालती गाडी बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते: आफ्रिकेच्या लांब वाटेवर छोट्या मोटरसायकलचा दोष कसा शोधायचा

लक्षण ठरलेलं असतं. गाडी सकाळी एका किकमध्ये सुरू होते, गावातून नीट बाहेर पडते आणि मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगाने अर्धा-पाऊण तास धावते. मग गचके सुरू होतात, रेस पिळली तरी पिकअप येत नाही, आणि शे-दोनशे मीटरमध्ये इंजिन बंद. सावलीत दहा मिनिटं उभी केली की पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, जणू काही झालंच नव्हतं. वीस किलोमीटर पुढे गेलं की पुन्हा तेच.

बजाज बॉक्सर, टीव्हीएस एचएलएक्स, होंडा सीजी 125 आणि तिच्या इंजिनावरून बनलेल्या चिनी गाड्या यांपैकी काहीतरी नैरोबीत किंवा कंपालात विकत घेऊन पुढे निघालेल्या बहुतेकांना ही तक्रार कधी ना कधी भेटते. या गाड्या दणकट आहेत. केनिया-युगांडात बोडा-बोडा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, म्हणून दोन-तीन सवाऱ्या आणि वर केळीचा घड घेऊन त्या रोज धावतात. इंजिनात दोष निघण्याची शक्यता फार कमी. दोष बहुधा पेट्रोलच्या वाटेत असतो, कधी ठिणगीत, क्वचित टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीत.

तरीही ही तक्रार आठवडेच्या आठवडे पाठ सोडत नाही, कारण पुरावा दहा मिनिटांत पुसला जातो. गाडी थांबते, आपण प्लग काढतो, फडक्याने पुसतो, पुन्हा लावतो. तेवढ्यात दहा मिनिटं झालेली असतात आणि गाडी सुरू होते. श्रेय प्लगला मिळतं. पुढच्या गावातला फुंडी, म्हणजे मेकॅनिक, कार्बोरेटर उघडून साफ करून देतो. तो कामात तरबेज असतो, पण गाडी त्याच्यापर्यंत चालत आलेली असते, म्हणजे त्याच्यासमोर दोष नसतोच. शिवाय बोडाची फेरी चार-पाच किलोमीटरची, दर फेरीला थांबा. अर्धा तास सलग पळवल्यावर येणारा दोष त्याच्या रोजच्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांत दिसत नाही. म्हणून तपासणी आपणच करायची, आणि गाडी थांबल्याच्या पहिल्या दोन मिनिटांत करायची. पेट्रोलच्या तपासणीला हत्यारं लागतात ती एवढीच: एक स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पेट्रोलच्या नळीचा हातभर तुकडा आणि एक लिटरची पाण्याची पारदर्शक बाटली. ही चार सामानाच्या तळाशी नकोत, हाताशी हवीत.

थांबल्या थांबल्या काय करायचं

गाडी गचके खायला लागली की आधी चोक ओढून बघा. दोन-चार सेकंद गाडीत जीव आला, तर पेट्रोल कमी पडतंय. चोकने ती आणखी गुदमरली, तर पेट्रोल जास्त होतंय किंवा हवा कमी पडतेय. त्याकडे शेवटी येऊ. ही चाचणी चालत्या गाडीवर फुकट होते, ती सोडू नका.

गाडी थांबली की किल्ली बंद करा आणि ताबडतोब पेट्रोल कॉक बंद करा. टाकीचं झाकण अजून उघडायचं नाही. ते उघडलं की सगळ्यात मोठा पुरावा हवेत जातो.

1. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी फ्लोटची वाटी असते, तिला खालून ड्रेन स्क्रू असतो. त्याच्या तोटीला नळी लावून बाटलीत सोडा आणि स्क्रू सैल करा. इंजिन तापलेलं असतं, पेट्रोल त्यावर सांडू देऊ नका. वाटीतून अर्ध्या कटिंगइतकं पेट्रोल आलं तर वाटी भरलेली होती, म्हणजे पुरवठा ठीक आहे. थेट ठिणगी आणि टॅपेटकडे वळा. काही थेंबच आले तर वाटी रिकामी पडली होती.
2. वाटी रिकामी निघाली असेल तर ड्रेन स्क्रू उघडाच ठेवून कॉक उघडा. धार कशी येते ते बघा.
3. धार बारीक असेल तर आता टाकीचं झाकण उघडा, कान जवळ ठेवून. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि धार लगेच जाड झाली, तर दोष झाकणाच्या हवेच्या भोकात आहे. तपासणी संपली.
4. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली, तर कॉक बंद करून कार्बोरेटरकडची नळी काढा, बाटलीत धरा, कॉक उघडा. इथे धार जाड आली तर अडथळा कार्बोरेटरच्या तोंडाशी, वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईपाशी आहे. इथेही बारीकच असेल तर अडथळा वर आहे: नळी, बाहेरून बसवलेला फिल्टर, कॉक किंवा टाकीतली जाळी.

धार जाड की बारीक हे डोळ्याने ठरवू नका, मोजा. साठच्या वेगाने जाणारी गाडी लिटरला 45 किलोमीटर देत असेल, तर तिला तासाला 1.33 लिटर, म्हणजे मिनिटाला 22 मिलिलिटर पेट्रोल लागतं. चांगल्या कॉकमधून मिनिटाला 100 मिलिलिटर तरी सहज यायला हवं. 50 च्या खाली आलं तर संशय धरा: आज पुरेल, उद्या चढावर सामानासकट पुरणार नाही. वाटीतलं पेट्रोल मिनिट-दोन मिनिटं पुरतं, म्हणून पुरवठा तुटला तरी गाडी लगेच थांबत नाही, एक-दोन किलोमीटर जाऊन थांबते. खड्ड्यात आदळल्यामुळे बंद पडली असं वाटतं, पण कारण मागेच राहिलेलं असतं.

झाकणाचं भोक

सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं, आणि सगळ्यात शेवटी तपासलं जातं. टाकीतून पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. या गाड्यांत पंप नसतो. पेट्रोल केवळ आपल्या वजनाने उतरतं. वीस-पंचवीस सेंटीमीटर उंचीच्या पेट्रोलचा दाब म्हणजे हवेच्या दाबाच्या जेमतेम दीड-दोन टक्के. टाकीच्या आतला दाब तेवढा उतरला की प्रवाह थांबलाच.

यातून एक खूण मिळते. टाकी काठोकाठ भरलेली असताना आत हवेची जागा लिटरभरसुद्धा नसते, त्यामुळे थोडं पेट्रोल गेलं तरी दाब झपाट्याने उतरतो. टाकी अर्धी रिकामी असली तर तोच दोष उशिरा दिसतो. पेट्रोल भरल्यावर लवकर बंद पडते आणि टाकी रिकामी होत आली की नीट चालते, अशी उलटी वाटणारी तक्रार असेल तर झाकणच बघा. लोक पंपावरच्या पेट्रोलला दोष देऊन मोकळे होतात.

दुसरी खूण पावसाची. कडक उन्हात टाकी तापते, आत वाफ धरते, दाब टिकतो आणि दोष लपतो. ढग भरून आले, सर आली, टाकी गार पडली की आतला दाब एकदम उतरतो आणि गाडी थांबते. पावसात बंद पडली म्हणून सगळे वायरिंग उकलत बसतात. वायरिंगला हात लावण्याआधी झाकण उघडून बघायला दोन सेकंद लागतात.

भोक बुजतं ते धुळीने. मुरमाच्या रस्त्यावर पुढच्या ट्रकने उडवलेली तांबडी धूळ पिठासारखी बारीक असते. झाकणाच्या फटीत ती पेट्रोलच्या वाफेत भिजून घट्ट बसते. कुलपाच्या झाकणात हवेची वाट सरळ नसते, रबरी वायसर आणि पत्र्याच्या मधून वळणं घेत जाते, म्हणून वरून सुई घालून उपयोग होत नाही. झाकण काढा, आतल्या बाजूचे स्क्रू असतील तर ते सोडवा, रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये बुडवून ठेवा, वायरमधली तांब्याची एक तार घालून वाट मोकळी करा आणि तोंडाने आतून बाहेर, बाहेरून आत फुंकून बघा. हवा जाणवली पाहिजे.

भोक साफ असूनही हा दोष येतो तो सामानामुळे. टाकीवरची बॅग, तिचं पावसाळी आवरण, धूळ जाऊ नये म्हणून झाकणावर गुंडाळलेलं प्लास्टिक: तिन्ही गोष्टी भोक बंद करतात. बॅग झाकणावर टेकू नये अशी पुढे-मागे सरकवा.

वाटेत काहीच हाताशी नसेल तर झाकणाचं कुलूप न लावता ते नुसतं टेकवून फडक्याने बांधा आणि हळू पुढच्या गावापर्यंत जा. टाकी काठोकाठ असेल तर ती डचमळून इंजिनवर सांडेल, म्हणून आधी लिटर-दीड लिटर बाटलीत काढून घ्या.

टाकीतली जाळी, गंज आणि पाणी

कॉकच्या वर टाकीत उभी जाळी असते. मुख्य नळी उंच, रिझर्व्हचं तोंड तळाशी. कॉक रिझर्व्हवर फिरवताच गाडी बंद पडायला लागली, तर तळाचा कचरा वाटेत आला असं समजा. उलट रिझर्व्हवर नीट आणि मुख्यवर बंद, तर पेट्रोलच कमी असेल किंवा वरची जाळी बुजली असेल. इथे एक ध्यानात ठेवा: टाकी चौकटीच्या नळीवर खोगिरासारखी बसते आणि कॉक एकाच बाजूला असतो. शेवटचं पेट्रोल दुसऱ्या बाजूला अडकून राहतं. गाडी कॉकच्या बाजूला पूर्ण कलती केली की ते इकडे येतं.

जाळी साफ करायला टाकी रिकामी करून कॉक काढावा लागतो. त्याची रबरी सील जुनी असली तर पुन्हा बसवताना गळते, म्हणून नवी हातात आल्याशिवाय काढू नका. आत तांबडे पापुद्रे दिसले तर ते टाकीच्या गंजाचे आहेत. खडबडीत रस्त्यावर, विशेषतः उत्तर केनियातल्या तुर्कानाच्या वाटेवरच्या पन्हाळी पत्र्यासारख्या लाटांवर, थरथरीने गंज सुटत राहतो, आणि जाळी आज साफ केली तरी चार दिवसांत भरते. अशा वेळी टाकी उतरवून लिटरभर रॉकेल आणि मूठभर नट मोजून आत टाका, चांगली हलवा, ओता आणि नट मोजूनच बाहेर काढा.

पाण्याचा दोष थोडा वेगळा वागतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि थेंबाथेंबाने वाटीत येतं. थेंब जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छोट्या पितळी तोटीच्या, भोकात अडकला की पेट्रोल जात नाही. ड्रेनमधून बाटलीत घेतलेलं पेट्रोल दोन मिनिटं उभं ठेवा. तळाशी गोळे फिरताना दिसले तर पाणी आहे. वाटी दोन-तीनदा रिकामी करा. पुन्हा पुन्हा येत असेल तर गाडी रात्रभर कॉकच्या बाजूला कलती उभी ठेवून सकाळी, हलवण्याआधी, कॉकमधून पाव लिटर बाटलीत काढून टाका.

पाणी येतं ते बहुधा बाटलीतल्या पेट्रोलमधून. बेनिनमध्ये नायजेरियातून आलेलं पेट्रोल रस्त्याकडेला काचेच्या बाटल्यांत आणि मोठ्या बुधल्यांत विकतात. मलावीत टंचाईच्या काळात कॅनमधूनच घ्यावं लागतं. असं पेट्रोल थेट टाकीत ओतू नका. आधी पारदर्शक बाटलीत दहा मिनिटं उभं ठेवा, तळचा दोन बोटं भाग सोडून द्या आणि वरचं बारीक जाळीच्या नरसाळ्यातून ओता. कापडाने कचरा अडतो, पाणी अडत नाही. मलावीत पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याची पद्धत 1982 पासूनची आहे. इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं, जास्त झालं की पाण्यासकट तळाशी वेगळं बसतं, आणि जुन्या टाकीतली घाण सोडवतं. तिथे वाटी आठवड्यातून एकदा रिकामी करून बघावी. रॉकेलच्या भेसळीचा संशय असेल तर कागदावर एक थेंब टाका: पेट्रोल उडून जातं, रॉकेल तेलकट डाग ठेवतं. केनियात ही भेसळ इतकी होती की 2018 मध्ये रॉकेलवर लिटरमागे 18 शिलिंगांचा कर लावला गेला. पण भेसळीने गाडी धूर सोडते, इंजिन ठोकतं, तापते. थांबून-सुरू होण्याचा खेळ भेसळ एकटी करत नाही.

चांगल्या हेतूने बसवलेला फिल्टर

प्रवासाला निघताना अनेकजण पेट्रोलच्या नळीत जादा फिल्टर बसवतात. विचार बरोबर, पण निवड बहुधा चुकते. कारच्या पंपाच्या दाबासाठी बनवलेला कागदी फिल्टर इथे चालत नाही. पाण्याने त्याचा कागद फुगतो आणि वजनाने उतरणारं पेट्रोल त्यातून पार होत नाही. नायलॉन किंवा पितळी जाळीचा, पारदर्शक आणि लहान फिल्टर घ्या. तो उताराने बसवा, नळी कुठेही वर उचललेली किंवा वळसा घेतलेली नको; वरच्या वळणात हवेचा बुडबुडा अडकतो. नळी सिलिंडरच्या पंख्यांना टेकली तर चाळीस अंशांच्या उन्हात आतलं पेट्रोल वाफ होतं. नळीवर ओलं फडकं ठेवताच गाडी सुरू झाली, तर हेच कारण. नळी आखूड करून इंजिनपासून दूर बांधा.

फ्लोटची सुई चिकटत असेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर दोन हलके ठोके मारून धार सुटते. गावात पोचल्यावर सुई काढून तिचं टोक बघा. टोकावर कडं उमटलं असेल तर सुई बदला. जेट साफ करताना स्टीलची टाचणी नको: पायलट जेटचं, म्हणजे मंद चालीच्या जेटचं, भोक साधारण एक तृतीयांश मिलिमीटरचं, पितळ मऊ, भोक कायमचं मोठं होतं. मासेमारीचा नायलॉन दोरा उत्तम. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी आत किती फेरे बसतो ते मोजून लिहून ठेवा.

वाटी भरलेली निघाली तर

पेट्रोल ठीक असेल तर गाडी थांबण्याची रीत आठवा. गचके खात, रडत थांबली तर पेट्रोल. बल्बचा स्विच बंद केल्यासारखी एका क्षणात थांबली तर ठिणगी. पेट्रोलच्या चाचणीची बाटली दूर ठेवा, प्लग काढून टोपीत घाला, त्याचं अंग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि किल्ली चालू करून किक मारा. ठिणगी नाही किंवा पिवळी, मरतुकडी आहे, तर खिशातला नवा प्लग लावून बघा. तरीही तेच असेल तर प्लगची टोपी काढून वायर थेट बघा. टोपीच्या आतला रोधक तापल्यावर तुटतो. मल्टिमीटरवर तो बहुधा पाच हजार ओहमच्या आसपास दिसतो. त्यानंतर इग्निशन कॉईल आणि ठिणगीची वेळ सांगणारी पिकअप कॉईल. दोन्ही गार असताना बरोबर आकडा दाखवतात आणि तापल्यावर तुटतात, म्हणून मीटर गाडी थांबली असतानाच लावायचा. कॉईल बदलण्याआधी तिचा चौकटीला जोडलेला अर्थिंगचा बोल्ट आवळा. लाटांच्या रस्त्यावर तो सैल होतो आणि कॉईल नाहक बदनाम होते.

ठिणगीही चांगली, आणि गरम इंजिनवर किक नेहमीपेक्षा हलकी लागते? मग टॅपेट घट्ट झाले आहेत. व्हॉल्व्ह तापून लांबतो, पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं. गार झाल्यावर परत येतं. टॅपेट इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे सकाळी, फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, लावा. सीजी 125 ला दोन्हीकडे 0.08 मिलिमीटर, इतर गाड्यांचा आकडा त्यांच्या पुस्तिकेतून घ्या. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून खूश होऊ नका. थोडी टिकटिक असलेली बरी.

उंचीमुळे होणारा गैरसमज

मोंबासाहून नैरोबी म्हणजे समुद्रसपाटीवरून साधारण 1,800 मीटर, अदिस अबाबा 2,350 च्या आसपास, लेसोथोत जाणारा सानी घाट 2,876. हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, म्हणून मिश्रण जड होतं. गाडी ओढत नाही, प्लग काजळीने काळा पडतो, चोक ओढला की आणखी गुदमरते. हा तो दोष नव्हे: इथे दहा मिनिटं थांबून काही सुधारत नाही. बुजलेल्या एअर फिल्टरचीही हीच लक्षणं, म्हणून आधी फिल्टर बघा. फोमचा असेल तर रॉकेलने, मग साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, इंजिन ऑईल चोळून पिळा आणि लावा. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही.

फिल्टर साफ असूनही वर अनेक दिवस राहायचं असेल तर मेन जेट एक-दोन नंबर लहान बसवा, किंवा निडलला, म्हणजे जेटमध्ये वर-खाली होणाऱ्या सुईला, खाचा असतील तर क्लिप एक खाच वर सरकवा; निडल खाली बसते, पेट्रोल कमी होतं. काढलेला जेट त्याच दिवशी चिठ्ठी लावून हँडलला बांधा. इथियोपियाच्या पठारावरून दनाकिलच्या उष्ण सखल भागात उतरताना तो परत बसवलाच पाहिजे, नाहीतर खाली मिश्रण पातळ होऊन पिस्टन तापतो आणि धरतो.

फुंडीला काय सांगायचं

स्वाहिली मुलखात दोन वाक्यं पुरतात. 'पिकिपिकी इनाझिमा, इकिपोआ इनावाका': गाडी बंद पडते, गार झाली की सुरू होते. 'माजी क्वेन्ये पेट्रोली': पेट्रोलात पाणी. मग बाटलीतलं पेट्रोल दाखवा आणि धार किती आली ते मिलिलिटरमध्ये सांगा. लक्षण आणि आकडा दोन्ही मिळाले की तो नको ते उघडत नाही. जमलं तर त्याला मागे बसवून गाडी बंद पडेपर्यंत चालवा आणि त्या वेळेचे पैसे द्या.

सोबत ठेवायचं ते थोडकं: दोन प्लग, प्लगची टोपी, कॉकची सील, वाटीचं पॅकिंग, फ्लोटची सुई, एक पायलट आणि दोन मेन जेट, मीटरभर नळी चार क्लिपांसह, जाळीचा फिल्टर, फीलर गेज, छोटा मीटर. बॉक्सर किंवा एचएलएक्स असेल तर हे सगळं पूर्व आफ्रिकेत तालुक्याएवढ्या गावातही मिळतं. कॉईल मात्र मोठ्या शहरातून, जुनी हातात घेऊन, जोडणी ताडून घ्या आणि निघण्याआधी एक दिवस नवीच लावून चालवा. चालली की जुनी सामानात टाका.